जेडला पाणी घालताना हात आखडता घ्या

कमी पाण्यात जगणारं, खिडकीत मावणारं आणि वर्षानुवर्षं टिकणारं झाड हवं, असं कुणी म्हटलं की हमखास जेडचं नाव निघतं. शिफारस चुकीची नाही. तरीही आपल्याकडच्या फ्लॅटांमधून हे झाड दर पावसाळ्यात मरतं, आणि तहानेने नाही, कुजून मरतं. त्याच्या पानांत आणि खोडात आठवडे पुरेल एवढं पाणी साठवलेलं असतं, आणि आपण मात्र तुळशीबरोबर त्यालाही रोज सकाळी तांब्या ओततो. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं: कुंडीतली माती लवकर वाळली पाहिजे, आणि ती वाळल्याशिवाय पुन्हा पाणी द्यायचं नाही.

आधी हे नक्की कोणतं जेड?

आपल्याकडच्या नर्सरीत ‘जेड’ मागितलं की बहुतेक वेळा हातात येतं ते पोर्टुलाकेरिया आफ्रा. पानं करंगळीच्या नखाएवढी आणि गोलसर, कोवळ्या फांद्या लालसर आणि लवचिक. फांदी थोडी वाकवली तरी मोडत नाही. दुसरं झाड क्रॅसुला ओव्हाटा. त्याची पानं अंगठ्याएवढी, जाडजूड, उन्हात ठेवलं तर कडेने तांबूस होणारी. खोड हिरवट-राखाडी आणि मांसल असतं, जरा धक्का लागला की फांदी कटकन तुटते. परदेशी व्हिडिओंत जेड म्हणून दाखवतात ते हे दुसरं. म्हणून व्हिडिओ बघून घरी काही करून पाहिलं आणि जमलं नाही, तर आधी आपल्या कुंडीत कोणतं झाड आहे ते बघा.

दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची, पण कुळं वेगळी. क्रॅसुला आपल्या पानफुटीच्या कुळातला. पोर्टुलाकेरियाचं त्याच्याशी नातं नाही, दिसायला तेवढं साम्य आहे. त्याच्या मुलखात हत्ती हे झाड आवडीने ओरबाडून खातात, आणि खाताना मोडून पडलेली फांदी जमिनीवर पडल्या जागी मूळ धरते. फांदी खोचली की जेड लागतं, यामागचं कारण हेच.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हा फरक जास्तच महत्त्वाचा. क्रॅसुलाची पानं या प्राण्यांना बाधतात, उलट्या होतात, प्राणी मलूल पडतो. बारीक पानांचं जेड त्यांना विषारी नाही. मांजर कुंड्यांमध्ये तोंड घालणारं असेल तर सरळ बारीक पानांचंच घ्या.

पुढे मी ‘मोठ्या पानांचं’ आणि ‘बारीक पानांचं’ असंच म्हणेन. दोघांची काळजी जवळजवळ सारखी, जिथे फरक आहे तिथे सांगितलाय. पहिल्यांदाच झाड आणत असाल तर माझं मत बारीक पानांच्या बाजूने. ते पाण्याच्या बाबतीत थोडी जास्त चूक पोटात घालतं आणि छाटणीला लगेच प्रतिसाद देतं.

विकत घेताना

पुण्याकडचे लोक उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांग लागते तिथे जाऊ शकतात, बाकीच्यांना जवळची नर्सरी पुरते. पण कुठेही घ्या, तीन गोष्टी बघून घ्या. मातीला टेकलेलं खोड दोन बोटांत धरून हलकं दाबा, ते टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर ते झाड कितीही हिरवंगार दिसो, सोडून द्या. मग पान जिथे फांदीला जुळतं त्या बेचक्यात डोकावा, कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं नको. आणि पिशवी उचलून बघा. नर्सरीत पाइपने रोज पाणी मारतात, त्यामुळे पिशवी जड असणारच, पण खालून घाण वास येत असेल तर घेऊ नका.

भेट म्हणून मिळणारी छोटी सिरॅमिकची कुंडी दिसते छान, वर पांढरे खडेही पसरलेले असतात. अशा कुंडीला बरेचदा खाली भोकच नसतं आणि खड्यांमुळे माती ओली आहे की कोरडी हे कळत नाही. असं झाड घरात आलं तर त्या आठवड्यात कुंडी बदला. सिरॅमिकची कुंडी फारच आवडली असेल तर भोक असलेली साधी कुंडी तिच्या आत ठेवा आणि पाणी घालायच्या वेळी बाहेर काढा.

जागा: उजेड म्हणजे किती उजेड

जेड ‘इनडोअर’ म्हणून विकलं जातं, पण ते सावलीचं झाड नाही. घरात ठेवायचं म्हणजे खिडकीत ठेवायचं. टीव्हीशेजारी, शोकेसमध्ये किंवा बाथरूमच्या कोनाड्यात ते काही महिने तग धरतं, कारण पानांतल्या शिल्लकीवर जगत असतं. मग फांद्या लांब आणि बारीक होतात, पानांच्या दोन जोड्यांमधलं अंतर वाढतं, झाड खिडकीच्या दिशेने वाकतं. एक सोपी परीक्षा: दुपारी बाराच्या सुमाराला कुंडीच्या जागी हात धरा. हाताची कडा स्पष्ट असलेली सावली पडली तर जागा उत्तम, धूसर पडली तर चालेल, पडलीच नाही तर जागा बदला.

पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन मिळालं की पानं जाड आणि गाठी (फांदीवर पानं फुटतात त्या जागा) जवळ राहतात. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर कडक ऊन येतं. नागपूर, अकोला, जळगावकडे तर पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या दिवसांत कुंडी आत घ्या किंवा हिरव्या जाळीच्या आड ठेवा. पान भाजलं तर त्यावर तपकिरी, खरखरीत डाग पडतो आणि तो पुन्हा हिरवा होत नाही. सिमेंटच्या कट्ट्यावर कुंडी थेट ठेवू नका. पानांआधी मुळं शिजतात. खाली लाकडाचा तुकडा किंवा लोखंडी स्टँड पुरतो.

दक्षिणेच्या खिडकीबद्दल गैरसमज फार. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ऊन थेट खोलीत शिरतं आणि झाड खुशीत असतं. पण मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) होऊन गेला की जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास येतच नाही. त्यात पावसाचे ढग. म्हणजे उजेड सगळ्यात कमी आणि हवेतला ओलावा सगळ्यात जास्त असे दोन महिने एकत्र येतात. शक्य असेल तर जूनमध्ये कुंडी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत हलवा. उत्तरेची खिडकी एरवी कमजोर, पण नेमके हेच दोन महिने तिथेही बऱ्यापैकी उजेड असतो.

जेड आग्नेयेला ठेवलं की पैसा येतो, असं नर्सरीवालाही सांगेल. घराच्या आग्नेय कोपऱ्यात खिडकी असेल तर बेलाशक ठेवा, सकाळचं ऊन मिळेल आणि झाड तरी श्रीमंत होईल. तिथे कपाट असेल तर वास्तुशास्त्र बाजूला ठेवा.

जागा बदलताना मात्र एकदम बदलू नका. घरात बरेच दिवस राहिलेलं झाड थेट गच्चीच्या उन्हात नेलं तर आठवड्याच्या आत भाजतं. रोज तास-दीड तास वाढवत न्या.

कुंडी आणि माती

इथे वेळ द्या. माती बरोबर जमली तर पुढे पाण्याच्या निम्म्या चुका झाड सहन करतं.

कुंडी मातीची, न रंगवलेली आणि खाली भोक असलेली. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून ओलावा बाहेर झिरपतो, तैलरंग किंवा वॉर्निश मारलं की ती वाट बंद होते. माप मुळांच्या गोळ्यापेक्षा सगळ्या बाजूंनी बोटभर मोठं, त्याहून जास्त नको. ‘पुढे वाढणारच आहे’ म्हणून आधीच दहा इंची कुंडी घेतली तर तिच्यातली बरीचशी माती मुळांच्या हाताबाहेर असते, तिथलं पाणी कुणी पीत नाही आणि ते आठवडाभर तसंच राहतं. चार-पाच इंची रोपाला उथळ कुंडी खोल कुंडीपेक्षा बरी, कारण जेडची मुळं फार खाली जात नाहीत.

आता माती. नर्सरीची लाल माती नुसती वापरली तर दोन-तीन वेळा पाणी घातल्यावर विटेसारखी घट्ट बसते. शेतातली काळी माती तर नकोच. ती पाणी धरून फुगते, वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हलकं असतं म्हणून सगळे सुचवतात, पण ते ओलावा धरून ठेवायलाच बनवलेलं आहे, आणि एकदा पूर्ण वाळलं की वरून घातलेलं पाणी आत न शिरता कडेने पळून जातं. जेडला त्याची गरज नाही.

माझं मिश्रण असं: दोन भाग चाळलेली लाल माती, तीन भाग खरखरीत काहीतरी, एक भाग जुनं गांडूळखत. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा अशा दमट भागात खरखरीत भाग चार करा. सोलापूर किंवा नागपूरच्या कोरड्या हवेत दोनही चालतील. ‘खरखरीत काहीतरी’ म्हणजे काय, याची उत्तरं बरीच. पर्लाइट आणि प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडापासूनचे हलके, सच्छिद्र दाणे, ऑनलाइन मिळतात. स्वस्तात हवं असेल तर भाजलेल्या विटेचे तुकडे. विटेला पोत्यात घालून हातोडीने फोडा, हरभऱ्याएवढे ते वाटाण्याएवढे तुकडे ठेवा, भुकटी चाळून टाका आणि उरलेले एकदा धुऊन घ्या. ही भुकटी चाळणं टाळू नका, कारण तीच खाली बसून भोक बुजवते. बांधकामावरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण तिच्यातही बारीक पूड असते, ती चाळल्यावर उरते ती खरी कामाची. समुद्राची वाळू घेऊ नका, मिठाने मुळं जळतात. फुटलेल्या मातीच्या कुंड्या, कौलांचे तुकडे, लाकडी कोळशाचे बारीक तुकडे, सगळं चालतं.

मिश्रण झालं की कुंडी भरायच्या आधी तपासा. भोकाच्या कुंडीत थोडं मिश्रण भरून वरून ग्लासभर पाणी ओता. पाणी वर तळं करून उभं न राहता मातीत शिरलं आणि थोड्याच वेळात खालून वाहू लागलं तर जमलं. वर थांबून राहिलं तर अजून विटा घाला. तळाशी खड्यांचा वेगळा थर घालायची पद्धत आहे, त्याने निचरा वाढत नाही. पाणी त्या थराच्या वरच अडतं आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी उलटी ठेवा, बस्स.

रोप आणल्यावरचे पहिले दिवस

नर्सरीतून आणलेलं रोप त्याच दिवशी कुंडीत लावायची घाई नको. आठवडाभर पिशवीतच, खिडकीजवळ, पाण्याशिवाय ठेवा. माती वाळू द्या. मग पिशवी कापून मुळांचा गोळा मोकळा करा. बाहेरची माती बोटांनी हळूहळू पाडा, निदान अर्धी तरी जाऊ द्या. जुन्या चिकट मातीचा गोळा तसाच नव्या खरखरीत मातीत ठेवला तर बाहेरचं वाळतं आणि आतलं ओलंच राहतं. वरून बोट घालून बघणाऱ्याला वाटतं माती कोरडी आहे, आणि मधे मुळं सडत असतात. मुळं काळी, लिबलिबीत दिसली तर स्वच्छ कात्रीने कापा. पांढरी-तपकिरी आणि ताठ मुळं निरोगी.

लावताना खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. माती दाबून घट्ट करू नका, कुंडी दोन-तीनदा जमिनीवर हलकी आपटली की बसते. आणि मग, सगळ्यात अवघड भाग, चार-पाच दिवस पाणी घालू नका. लावताना तुटलेल्या मुळांच्या जखमा वाळू द्यायच्या असतात. ओल्या मातीत जखमी मूळ म्हणजे कुजण्याला आमंत्रण. या काळात काही पानं गळतात. गळू द्या.

कुंडी बदलायला फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस पूर्ण संपल्यावरचा ऑक्टोबर चांगला. जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नका.

पाणी

इतर झाडं दिवसा पानांची रंध्रं (श्वासाची सूक्ष्म छिद्रं) उघडी ठेवतात, त्यांतून पाण्याची वाफ जाते आणि मुळं खालून आणखी पाणी ओढतात. जेड उलटं करतं. रंध्रं रात्री उघडतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवतं आणि दिवसा दारं बंद करून त्या साठ्यावर काम करतं. याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक भारतातलीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान चाखून पाहिलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचं टिपण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. पानफुटी घरी असेल तर तुम्हीही चाखून बघू शकता, फार नको, चिमूटभर.

कुंडीपुरता याचा अर्थ एवढाच: दिवसा दारं बंद ठेवणारं झाड मातीतून पाणी फार हळू उचलतं. तुम्ही घातलेलं पाणी ते पिऊन संपवेल ही आशा नको. ते पाणी मातीतून आणि कुंडीच्या भिंतीतून उडून जावं लागतं, आणि दमट हवेत ते उडत नाही. बारीक पानांचं जेड यात थोडं लवचिक आहे. पाणी मुबलक असेल तर ते बरंचसं इतर झाडांसारखं दिवसाही वागतं आणि झपाट्याने वाढतं, टंचाई आली की रात्रपाळीवर जातं. म्हणून त्याला थोडं जास्त पाणी चालतं.

‘आठवड्यातून एकदा’ हा सल्ला मी देत नाही. रत्नागिरीतला आठवडा आणि लातूरमधला आठवडा सारखा नसतो. त्याऐवजी अगरबत्तीची काडी, जळून गेल्यावर उरते ती, किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी घ्या. कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओलसर किंवा माती चिकटलेली निघाली तर थांबा. कोरडी निघाली तर आणखी दोन दिवस थांबा आणि मग पाणी घाला. काही महिन्यांनी काडीही लागत नाही, कुंडी उचलली की वजनावरून कळतं.

घालायचं तेव्हा मात्र पोटभर घाला. खालून पाणी वाहीपर्यंत, सगळी माती भिजेल असं. रोज दोन चमचे पाणी शिंपडण्याची पद्धत सगळ्यात वाईट: वरचा थर कायम ओला, खालची मुळं कायम कोरडी. ताटलीत साचलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांनी ओतून द्या. पानांवर स्प्रे मारायची गरज नाही.

या पद्धतीने गेलात तर पुण्यासारख्या हवेत हिवाळ्यात साधारण दोन-तीन आठवड्यांनी पाणी लागेल, एप्रिल-मेमध्ये पाच-सात दिवसांनी. हे आकडे अंदाजाचे. काडी काय सांगते ते खरं. उन्हाळ्यात पाणी संध्याकाळी घाला, तापलेल्या कुंडीत भरदुपारी नको.

गावी जायचं असेल, गणपतीला दहा दिवस किंवा मे महिन्यात तीन आठवडे, तर निघायच्या आधी माती तपासा, कोरडी असेल तर एकदा पाणी घाला, कुंडी थेट उन्हातून जरा मागे घ्या आणि निर्धास्त जा. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना बाकीच्या कुंड्या दाखवा आणि जेडला हात लावू नका असं बजावून सांगा. प्रेमळ शेजारी हा जेडला मोठा धोका आहे.

पावसाळा वेगळा

पहिला मोठा पाऊस झाला की ग्रिलबाहेरच्या कुंड्या आत घ्या. वळवाची एखादी सर अंगावर घेतलेली चालते, पानांवरची धूळ धुऊन निघते. पण जुलैतली आठ-आठ दिवसांची झड नाही. जागा नसेल तर निदान कुंडी आडवी कलंडवून ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

घरात घेतल्यावर दमट हवेत माती वाळायला कधीकधी तीन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस पाणी घालायचं नाही. कोकणात आणि मुंबईत मी जुलैत जेडला पाणी न घालण्याच्याच बाजूची आहे, पानं मऊ पडली तरच अर्धा ग्लास. हवा खेळती ठेवा. पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत कुंडी असेल तर ती पावसाळ्यात चांगलीच जागा. खत बंद, छाटणी बंद.

पान बघून निदान

पान सुरकुतलं, मऊ पडलं, आणि काडी कोरडी निघाली: तहान. पाणी घाला, दोन-तीन दिवसांत पान पुन्हा भरतं.

पान सुरकुतलं आणि काडी ओली निघाली: इथेच माणसं फसतात. झाड तहानलेलं दिसतं म्हणून आणखी पाणी घालतात, पण मुळं सडल्यामुळे ओल्या मातीतूनही त्याला पाणी उचलता येत नाही. झाड लगेच कुंडीतून बाहेर काढा. माती झाडून मुळं बघा. सडलेली कापा, बाकी गोळा कागदावर सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या आणि कोरड्या मिश्रणात लावा. सड खोडापर्यंत चढली असेल तर खोड वरवर कापत जा. कापलेल्या तोंडाला मध्ये तपकिरी ठिपका दिसतोय तोवर आणखी वर कापा. संपूर्ण हिरवा-पांढरा, स्वच्छ काप आला की तिथे थांबा, आणि वरचा भाग नव्या फांदीसारखा लावा. मूळ झाड गेलं तरी झाड हातचं जात नाही.

पानं पिवळी, अर्धपारदर्शक, हात लावला की गळणारी: जास्त पाणी. हिरवीच पानं पटापट गळत असतील तर उजेड अचानक कमी झालाय किंवा जागा बदललीय. तळाची एखाद-दुसरी जुनी पानं वाळून पडणं हे मात्र नेहमीचंच.

मोठ्या पानांच्या जेडवर, विशेषतः कडेने, बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि लोक घाबरून औषध मारतात. भिंगातून बघा. ठिपके ठरावीक अंतरावर, कोरडे, खडूसारखे असतील तर ती कीड नाही. पानाच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी बाहेर येतं आणि वाळल्यावर त्यातले क्षार मागे राहतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी घालणाऱ्या घरांत हे जास्त दिसतं. ओल्या बोटाने पुसलं की जातात. जाचत असतील तर अधूनमधून साठवलेलं पावसाचं पाणी घाला.

खरी कीड

कापसासारखा, बेचक्यात दडलेला आणि बोटाने चिरडला की चिकट होणारा तो पिठ्या ढेकूण. डाळिंब-सीताफळवाल्या शेतकऱ्यांना याची ओळख करून द्यायला नको. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण शोधा. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, एका फांदीवरून दुसरीकडे नेतात.

कान साफ करायची कापसाची काडी औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कीड टिपा. दर चार-पाच दिवसांनी, दोन-तीन आठवडे, कारण अंडी मागून फुटत राहतात. झाड इतरांपासून वेगळं ठेवा. कडुलिंबाचं तेल घरोघरी असतं, पण मोठ्या पानांच्या जेडच्या पानावरचा मेणासारखा थर तेलाने खराब होऊ शकतो, आणि तेल लावलेलं झाड उन्हात ठेवलं तर हमखास भाजतं. वापरायचंच असेल तर आधी एका फांदीवर, संध्याकाळी.

मातीवर चिलटं घोंघावत असतील तर पुन्हा तेच: माती जास्त वेळ ओली राहतेय. चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, ताक हे सगळं गुलाब-मोगऱ्याला द्या. जेडच्या कुंडीत ते फक्त चिलटं बोलावतं. खत म्हणून वर्षातून दोनदा, ऑक्टोबरमध्ये आणि फेब्रुवारीअखेरीला, मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळलं की पुरे.

छाटणी आणि नवी रोपं

छाटल्याशिवाय जेड दाट होत नाही. फांदीवर बारीक कड्यांसारख्या रेषा दिसतात, तिथून पूर्वी पानं गळलेली असतात. अशा रेषेच्या किंचित वर कापलं की खालच्या गाठीतून साधारण दोन फांद्या फुटतात. त्या तीन-चार जोड्या पानांच्या झाल्या की पुन्हा टोक खुडा. बारीक पानांच्या जेडचं याच पद्धतीने उत्तम बोन्साय होतं. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे बोन्साय मांडलेले असतील तर खोडांना वळण कसं दिलंय ते जवळून बघून घ्या.

कापलेल्या फांद्या टाकू नका. तीन-चार इंचांचा तुकडा घ्या, खालची पानं काढा आणि तो सावलीत, कागदावर, तीन ते पाच दिवस ठेवा. कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरली पाहिजे. बोट फिरवलं तर ते तोंड खरखरीत, कडक लागतं, ओलसर चिकट नाही. मग कोरड्या मिश्रणात दीड-दोन इंच खोचा, कलंडत असेल तर काडीचा आधार द्या, आणि आठवडाभराने पहिलं पाणी. तीन-चार आठवड्यांनी हलकं ओढून बघा. मातीने धरून ठेवलं तर मुळं आली. फांदी सरळ पाण्याच्या बाटलीत ठेवूनही मुळं फुटतात, पण ती मुळं मातीत नेल्यावर बरीचशी मरतात आणि झाडाला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते.

मोठ्या पानांच्या जेडचं नुसतं पानही लागतं. पान देठापासून पूर्ण निघालं पाहिजे, अर्धं तुटलेलं नको. दोन-तीन दिवस वाळवून मातीवर आडवं टाका, पुरू नका. आधी गुलाबी-पांढरी धाग्यासारखी मुळं येतात, मग बऱ्याच आठवड्यांनी देठाशी मोहरीएवढी दोन पानं. बारीक पानांच्या जेडच्या पानावर मात्र विसंबू नका, त्याची फांदीच लावा.

कुणी रोप मागितलं तर नुसती फांदी हातात न देता मुळं धरलेली कुंडी द्या, आणि देताना शेवटचं पाणी कधी घातलंय ते चिकटपट्टीवर लिहून कुंडीला लावा.